न संपणारी कापणी

अहो, तुमचा घास फुलावर आलाय. खालच्या अंगाच्या पट्ट्यात तर शेंगासुद्धा धरल्यात, काडी जून झालीय, हाताने मोडत नाही. तुम्ही असतात तर अख्खं घर डोक्यावर घेतलं असतंत. फूल दिसायच्या आत कापायचा, किती वेळा सांगायचं तुम्हाला, असं म्हणत ओट्यापासून विहिरीपर्यंत फेऱ्या मारल्या असत्यात. आता या आणि सांगा. मी विळ्याला हात लावलेला नाही आणि लावणारही नाही.

तुमची गंधमुक्ती उरकली, सुतक फिटलं. पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले. जितू सूनबाईला आणि नातीला पिंप्राळ्याच्या घरी सोडून परत आला. घरात आम्ही मायलेक, गोठ्यात दोन गाई आणि म्हैस. आणि सोमवारी मला जळगावला दवाखान्यात दाखल व्हायचंय, पिशवीच्या ऑपरेशनला. तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला सगळं माहीत होतं, तेच तर डोक्यात जातं माझ्या. डॉक्टरीणबाईंनी तुमच्यासमोर बजावलं होतं की ऑपरेशननंतर तीन महिने वजन उचलायचं नाही, डोक्यावर भारा तर अजिबात नाही. आणि इथे रोज सकाळी घास कापायचा, भारा बांधायचा, डोक्यावर घेऊन गोठ्यात आणायचा. तुमच्याबरोबर इतकी वर्षं भारे वाहूनच तर पिशवी खाली आली. आता हे दोन्ही एका बाईने कसं जमवायचं, ते न सांगताच तुम्ही हातावर तुरी देऊन गेलात.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मी कुठे तुमच्याबद्दल बोलतेय? तुमच्याशी बोलतेय. तीस वर्षं समोरासमोर भांडलो, आता पाठीमागे गोड बोलायला मला जमणार नाही.

आपल्या गावात बाकीच्यांनी काय पेरलं? कपाशी, मका, बाजरी. कपाशीला शेवट असतो. वेचण्या होतात, पऱ्हाटी उपटतात, वावर मोकळं. मग माणूस लेकीकडे जातो, लग्नाकार्याला जातो, दवाखान्याची कामं काढतो. तुम्ही पेरलात दशरथ घास. एकदा पेरला की वर्षानुवर्षं उभा, कापला की पुन्हा फुटतो. त्यात तुम्ही हुशार. सगळा घास एकदम कापला तर गुरांना रोजचं हिरवं कुठून मिळणार, म्हणून वावराचे पट्टे पाडलेत आणि रोज एक पट्टा कापायचा ठरवलंत. शेवटच्या पट्ट्याशी पोचावं तर पहिला कमरेला आलेला. तुमची ही युक्ती बघायला धुळ्याकडून लोक यायचे, तुम्ही त्यांना बांधावर उभं करून समजावून सांगायचात आणि मी चहा आणून द्यायचे. या युक्तीत सुट्टीचा दिवसच नाही, हे त्यांतल्या एकाच्याही लक्षात आलं नाही.

बी आणलंत तो दिवस आठवतो मला. जिऱ्याएवढं तपकिरी बी. तुम्ही चुलीवर पाण्याचं पातेलं चढवलंत, बियांची पुरचुंडी बांधलीत आणि पाणी चांगलं कढत झाल्यावर ती आत सोडलीत. मी सासूबाईंना हाक मारली, म्हटलं, आई, लवकर या, हे पेरायचं बी शिजवताहेत. सासूबाई आल्या, बघितलं आणि कपाळाला हात लावून परत गेल्या. तुम्ही घड्याळाकडे डोळे लावून बसलेले. वरचं टरफल टणक असतं, गरम पाण्यातून काढल्याशिवाय उगवत नाही, असं तुमचं म्हणणं. मी आठ दिवस तुमची टर उडवली, आणि मग ते उगवलं. बारीक बारीक पानं, चिंचेसारखी. बांधावरून जाणारा प्रत्येक जण थांबायचा.

"आप्पा, वावरमा बाभूळ पेरी का काय?"

तुम्ही हसायचात. काळ्या जमिनीत, विहिरीच्या पाण्यावर, जिथे कपाशी चांगली आली असती तिथे गुरांचा चारा लावला म्हणून नाना तुमचा सख्खा भाऊ असून दोन महिने धड बोलला नाही. तुमच्यावर कशाचा परिणाम नाही. आपला घास मुळाशी खत बनवतो, युरिया लागत नाही, पेंड निम्मी होते, दूध वाढतं, हे तुम्ही मला इतक्या वेळा ऐकवलंत की मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं. आणि खरं सांगायचं तर खोटं काहीच नव्हतं त्यात. दूध वाढलं. गाईंच्या अंगावर तुकतुकी आली. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तुम्ही आणखी एक बिघा घास लावला असतात.

आपलं भांडण होतं ते गोबरगॅसच्या टाकीवरून. टाकी बांधलीत ती माझ्यासाठी, हे मी विसरलेले नाही. पऱ्हाटीच्या धुराने माझा खोकला थांबायचं नाव घेत नव्हता. भाकरी थापताना मी तोंडाला पदर लावून बाहेर पळायचे. एक दिवस तुम्ही दारात उभे राहून बघत होतात, आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यामागे खड्डा खणायला सुरुवात. गोबरगॅस सुरू झाला आणि माझा खोकला पावसाळ्याच्या आत गेला. ती निळी ज्योत पहिल्यांदा पेटली तेव्हा मी चहा ठेवला होता आणि तुम्ही कप हातात घेऊन माझ्याकडे बघत होतात, मी खोकते का ते. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. हेही बोलायचं राहिलं.

पण मग बैल विकले, शेण कमी पडायला लागलं, टाकीवरचं गॅस साठायचं पिंप वर येईना. तुम्ही घास टाकीला घालायला लागलात. कुट्टी करून, शेणात कालवून, रात्रभर भिजवून. माझा जीव वरखाली व्हायचा. गाय दावणीला बांधलेली, हिरव्याकडे बघून हंबरतेय, आणि तुम्ही तो हिरवा चारा टोपल्याने खड्ड्यात ओतताय. मी म्हणायचे, हे पाप आहे, गाईच्या तोंडचा घास काढून टाकीला घालताय. तुम्ही म्हणायचात, "पाला गायले, काडी टाकीले." गाई गव्हाणीत पाला खातात, जून काडी तशीच टाकतात, ती उष्टी काडी टाकीत गेली तर कोणाचं काय बिघडलं, असा तुमचा मुद्दा. मुद्दा बरोबर होता. पण तुम्ही नुसती काडी थोडीच घालत होतात? उन्हाळ्यात शेण अगदी कमी झालं की चांगला कोवळा घाससुद्धा जायचा त्यात, मी गोठ्यात नसताना. तुम्हाला वाटायचं मला कळत नाही. कुट्टीच्या मशीनला हिरवा रस लागलेला असायचा.

जितूला मुलगी दाखवायला पाहुणे तिला घेऊनच आले होते, तो दिवस विसरलात का? आदल्या दिवशी तुम्ही हौसेने टाकीला घासच घास घातलात, पाहुण्यांच्या स्वयंपाकाला गॅस कमी पडायला नको म्हणून. आत जाड साय धरली, गॅस अडला, आणि माझी पुरणाची डाळ अर्धकच्ची असताना ज्योत फुर्रकन विझली. बाहेर पाहुणे आणि तुम्ही लांब बांबू घेऊन टाकी ढवळताय, सदऱ्यावर शेणाचे शिंतोडे. मी मागच्या दाराने शेजारच्या रुखमाअक्काकडे डाळ घेऊन पळाले. सून आजही सांगते, की सासरेबुवांना पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांच्या हातात बांबू होता. त्या रात्री आपण भांडलो आणि मग दोघांनाही हसू आलं. भांडण काही मिटलं नाही. गाईचं आधी की चुलीचं, ते तुम्ही सांगणार होतात, उन्हाळा आला की ठरवू म्हणालात.

सगळं तुमचं असंच. ठरवू, करू, जाऊ.

छातीत कळ आली तेव्हा तुम्ही वावरात होतात. घरी येऊन पाणी पिऊन म्हणालात, "पित्त शे. बाकी काहीच नही." मी जितूला फोन केला, त्याने जळगावला नेलं, तिथे तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सरळ सांगितलं की रक्तवाहिनी अडलीय, अँजिओप्लास्टी करून घ्या, उशीर करू नका. तारीख दिली. तुम्ही डॉक्टरांसमोर मान हलवलीत. एवढी शहाण्यासारखी मान हलवलीत की माझाही विश्वास बसला. आणि गाडी गावात शिरायच्या आत म्हणालात, "हाई पट्टा व्हई जाऊ दे, मंग जाऊत."

मला सांगा, कोणता पट्टा? तुमच्या वावरात शेवटचा पट्टा होता का? तुम्हीच पाडलेत ना ते पट्टे? तुम्हालाच माहीत होतं ना की तिथे कापणी संपत नाही? कपाशीवाला माणूस म्हणाला असता वेचणी होऊ दे, तर एक दिवस वेचणी झाली असती. तुमचं होणार कधी होतं? तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. माझी तारीख तर तुमच्या तारखेच्या मागे उभी होती. "तुन्हंबी करी टाकू, मन्हं व्हई जाऊ दे," म्हणालात. म्हणजे माझं तुमच्यानंतर, तुमचं घासानंतर, आणि घासाला नंतर नाहीच. इतका साधा हिशोब तुमच्या डोक्यात शिरला नाही? बियाण्याचं टरफल किती वेळ गरम पाण्यात ठेवायचं ते मिनिटावर माहीत, आणि स्वतःचं हृदय किती दिवस असं चालवायचं ते माहीत नाही? माझ्या छातीत धूर जातो म्हणून जमीन खणलीत आणि स्वतःच्या छातीसाठी एक दिवस विळा खाली ठेवला नाहीत. मला याचाच राग येतो, सगळ्यात जास्त याचाच. मला निळी ज्योत नको होती. मी धूर सोसला असता.

त्या सकाळी भारा आला नाही म्हणून गाई हंबरायला लागल्या. मला वाटलं, कोणाशी तरी बोलत उभे असाल. मी वावरात जाऊन बघते तर तुम्ही कापलेल्या घासावर आडवे. अर्धा पट्टा कापलेला, अर्धा उभा. मी तुम्हाला हलवलं, हाका मारल्या, शिव्यासुद्धा दिल्या. त्या तुम्ही ऐकल्यात की नाही, माहीत नाही.

मग सुतक. घरात चूल पेटायची नाही, शेजारपाजारहून डबे येत होते. नाना गुरांना चारा टाकत होता आणि सवयीने शेण टाकीत ढकलत होता. गॅस तयार होत राहिला आणि जाळणारं कोणी नाही. पिंप वर वर येत गेलं, तिरकं झालं आणि कडेने बुडबुडे यायला लागले. आतल्या खोलीत बायकांमध्ये बसले होते मी, तर वास यायला लागला. कोणीतरी विचारलं, कसला वास येतोय? मी म्हटलं, आमच्या घरचा गॅस आहे, वाया चाललाय. बायकांनी एकमेकींकडे बघितलं, त्यांना वाटलं हिचं डोकं फिरलं. मला मात्र एवढा संताप आला होता की उठून जावं आणि त्या पिंपाला लाथ घालावी.

आणि भेटायला येणारे तर विचारूच नका. रुखमाअक्का गळ्यात पडून म्हणाली, "बठ्ठा गाव रडना व माय." गाव रडलं, खरंच रडलं. जे बांधावर उभे राहून बाभूळ म्हणायचे तेच आता डोळे पुसून म्हणत होते, आप्पांसारखा शेतकरी होणे नाही, आप्पांचा घास जपला पाहिजे. धुळ्याकडचे लोकही आले होते. त्यांनी जितूला वावरात नेलं, फोटो काढले. जितू परत आला तो डोक्यात एक कल्पना घेऊनच. वावराच्या तोंडाशी पाटी लावायची, तुमच्या नावाची, स्मृती चारा वन. लोक येतील, बघतील, बी घेऊन जातील. नानाने मान डोलावली. जो दोन महिने तुमच्याशी बोलला नव्हता तोच म्हणाला, "भाऊना जीव व्हता त्यामा."

मी विचारलं, "कापणार कोण?"

दोघं माझ्याकडे बघायला लागले.

"आई, तू आहेस ना," जितू म्हणाला.

ऐकलंत? तू आहेस ना. पिंप्राळ्यात राहणार हा, पाइपच्या कंपनीत नोकरी करणार हा, पाटीवर नाव तुमचं आणि डोक्यावर भारा माझ्या. मी म्हटलं, मला सोमवारी दवाखान्यात जायचंय. पोरगं वाईट नाही हो आपलं. त्याला आठवणच राहिली नव्हती, बाप गेल्यावर कोणाला काय आठवतं. तो जवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाला, "आई, घास फुलावर आलाय. एवढी एक कापणी होऊ दे, मग लगेच जाऊ."

तुमचा आवाज, तुमचाच सूर. शब्द तेवढे शहरातले.

मी उठले. चपलासुद्धा घातल्या नाहीत. गोठ्यात गेले, पहिल्या गाईचं दावं सोडलं, दुसरीचं सोडलं, म्हशीचं सोडलं. वावराच्या तोंडाशी तुम्ही लावलेली काट्यांची झापडी ओढून बाजूला टाकली आणि तिन्ही गुरं तुमच्या घासात सोडली. त्यांना आधी खरंच वाटेना. म्हैस काठाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. मग शिरल्या की आत, पोटापर्यंत. फुलं, शेंगा, पाला, सगळं मचामचा. हव्या तिथे तोंड घालत होत्या, पट्टे तुडवत होत्या.

जितू धावत आला. "आई, गुरं सुटली."

"सुटली नाहीत. सोडलीत मी."

"अगं, पण बाबांचा घास आहे तो."

"गुरांचा आहे," मी म्हटलं. "आणि बाबांना जो कापायचा होता तो त्यांनी कापला. तू पाटी लाव, नाहीतर नको लावू. मी सोमवारी दवाखान्यात जातेय. तुला सुट्टी मिळाली तर तू चल, नाहीतर मी एसटीने जाईन."

तो बांधावर बसला आणि तोंड झाकून रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा. मी त्याला रडू दिलं. नंतर त्यानेच फोन करून सुट्टी सांगितली. नाना म्हणाला, "वहिनी, ढोरं मी मन्हा गोठामा लई जास. तू जाय बिनघोर." घास त्याला लागेल तेवढा तो कापून नेईल, उरेल तो वाळेल. तुम्ही म्हणायचात मुळं खोल आहेत, वरचं गेलं तरी मरत नाही. तसं असेल तर तीन महिन्यांनी बघू. टाकी उपाशी राहणार, राहू दे. तीन महिने मी पिंप्राळ्याला सूनबाईच्या हातचं खाणार आहे, आणि तुमच्या घासाची चौकशीसुद्धा करणार नाही. नंतर कापायचा की मोडायचा, ते मी ठरवेन. तुमच्यासारखं उन्हाळ्यावर ढकलणार नाही.

एक गोष्ट जितूला सांगितली नाही, ती तुम्हाला सांगते. गुरं आत शिरली ना, तेव्हा मी विहिरीकडे बघत उभी होते. आपल्या घासात कोणाची शेळी जरी शिरली तरी तुम्ही तिकडून धावत यायचात, टोपी हातात, आणि अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडायचात, "कोना ढोरं शेतस रे?" मी थांबले होते. म्हटलं, आता येतील, आता ओरडतील, आणि मग मी चांगली भांडेन. तीन गुरं खात होती, चांगला कोवळा पट्टा तुडवला जात होता, आणि विहिरीकडून कोणी आलं नाही. तेव्हा मला कळलं की तुम्ही गेलात. स्मशानातून सगळे परत आले तेव्हा नाही, गंधमुक्तीला नाही, तेव्हा कळलं.

अहो, एकदा ओरडायचं तरी होतंत.